चालू लागलेल्या मुलासोबत समुद्रकाठच्या गावातला पहिला उन्हाळा

समुद्रकाठच्या गावात पहिल्यांदाच उन्हाळा काढणारी कुटुंबे किनाऱ्यावर सहलीला निघाल्यासारखी निघतात. आवराआवर करता करता दहा वाजतात, पिशव्या घेऊन वाळूत पोहोचेपर्यंत अकरा होतात, आणि ऊन डोक्यावर आलेले, पायाखाली चटके बसणारे, झोपेची वेळ टळून गेलेली अशा अवस्थेत दीड-दोन वर्षांचे मूल समुद्राकडे पाहायलाही तयार नसते. आमचा पहिला आठवडा असाच गेला. आमची मुलगी त्या वेळी वीस महिन्यांची होती आणि त्या आठवड्यात ती बहुतेक वेळ पाण्याकडे पाठ करून रडत राहिली. तिची त्यात काहीच चूक नव्हती, आम्ही तिला चुकीच्या वेळी नेत होतो.

नंतर हळूहळू उमगले ते असे, की एक ते तीन वर्षांच्या मुलासोबत किनाऱ्यावर जायचे तर दोन वेळापत्रके पाळावी लागतात. एक मुलाच्या झोपेचे आणि दुसरे समुद्राच्या भरती-ओहोटीचे. ही दोन्ही जिथे जुळतात तो तास-दीड तास गाठायचा, एकाच लहानशा पट्ट्यावर पुन्हा पुन्हा जायचे, आणि मूल दमायच्या आधी परतायचे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: झोपेच्या वेळा लिहून काढा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते; यात दुपारची झोप धरलेली आहे. नव्या गावी आल्यावर या वेळा थोड्या सरकतात, म्हणून पहिले तीन दिवस कुठेही न जाता मूल कधी उठते, कधी पेंगते आणि कधी चिडचिड करू लागते याची नोंद करावी. बहुतेक मुलांच्या बाबतीत असे दिसते, की सकाळी उठल्यापासून साधारण दहापर्यंत आणि दुपारच्या झोपेनंतर, चारच्या पुढे, ते सर्वांत ताजेतवाने असते. मधला वेळ झोपेचा आणि घरातल्या सावलीचा. उन्हातले अतिनील किरण नेमके याच मधल्या वेळेत सर्वाधिक तीव्र असतात, त्यामुळे झोपेचे वेळापत्रक पाळले की उन्हाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

दुसरी पायरी: भरती-ओहोटी समजून घ्या

नव्याने आलेले लोक ही पायरी हमखास गाळतात आणि सर्वांत जास्त पस्तावतातही तीच गाळल्यामुळे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो.

जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरत रोज थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. आज सकाळी सातला ओहोटी असेल, तर उद्या ती आठच्या सुमारास आणि परवा नऊच्या जवळ येईल, आणि आठवडाभराने सकाळी सातला तिथे भरतीचे पाणी दिसेल. साधारण पंधरा दिवसांनी हे चक्र पुन्हा पहिल्या जागी येते. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते आणि काही बंदिस्त समुद्रांत पाण्याची पातळी जेमतेम हलते. आपला किनारा कोणत्या प्रकारचा आहे हे स्थानिक वेळापत्रक पाहिल्यावर लगेच कळते. बंदराचे कार्यालय, मच्छीमार किंवा जीवरक्षक यांच्याकडे हे वेळापत्रक असते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. त्या दिवसांत पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला खूप मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी होतो. यातली एक उपयोगी गोष्ट नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही: एखाद्या ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी दर वेळी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला येते. तुमच्या गावी ती सकाळी सहा-सातच्या सुमारास येत असेल, तर दर पंधरवड्याला तीन-चार सकाळी मोठा, ओला, सपाट किनारा तुमच्या मुलाला मोकळा मिळणार, आणि बारा तासांनी, संध्याकाळीही, तशीच ओहोटी असणार. तीच मोठी ओहोटी भर दुपारी येत असेल, तर तुमचे दिवस भांगाच्या आसपास शोधावे लागतील. हे एकदा नीट समजले की पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते.

कोणत्या वेळी पोहोचावे याबद्दल माझे मत ठाम आहे: ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारे दीड तास आधी. त्या वेळी पाणी मागे हटत असते, वाळूवर घोट्याएवढी डबकी उरत जातात, आणि लहान मुलाच्या दृष्टीने खेळाची जागा दर मिनिटाला मोठी होत असते. पाणी पुन्हा चढू लागते तेव्हा परतायची वेळ झालेलीच असते. भरती चढत असताना गेलात, तर तुमचे सामान, मुलाने बांधलेला ढिगारा आणि मूल या तिन्हींना सतत मागे न्यावे लागते.

पाणी किती वेगाने चढते याचा अंदाज ठेवण्यासाठी दर्यावर्दी लोक एक जुना हिशेब वापरतात. सहा तासांत जेवढे पाणी चढायचे त्याचे बारा भाग करावेत. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा पाणी एकूण ३ मीटर चढणार आहे, तर पहिल्या तासात ते जेमतेम २५ सेंटिमीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला ७५ सेंटिमीटर. किनाऱ्याचा उतार दर ५० मीटरला १ मीटर एवढा मंद असेल, तर ७५ सेंटिमीटर पाणी चढताना लाटांची रेघ सुमारे ३७ मीटर आत येते. खडकांपाशी किंवा वाळूच्या उंचवट्यावर बसलेल्या कुटुंबांच्या मागून पाणी फिरते ते याच मधल्या दोन तासांत. म्हणून ज्या जागेहून परतण्यासाठी सखल भाग ओलांडावा लागतो, तिथे लहान मुलाला घेऊन बसू नये.

तिसरी पायरी: मुलाला न नेता जागा पाहून या

घरातल्या एका मोठ्या माणसाने एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला किनाऱ्यावर चक्कर मारावी. उतार मंद आहे का, पाय टाकताच खोल होत नाही ना, वाळूत काचा किंवा मासे पकडण्याचे गळ पडलेले दिसतात का, नळाचे गोडे पाणी आणि स्वच्छतागृह किती दूर आहे, सावली कुठे पडते, जीवरक्षक कोणत्या भागात आणि कोणत्या वेळेत असतात, हे पाहून ठेवावे. खाडीचे किंवा नदीचे मुख जवळ असेल, तर त्यापासून लांबची जागा निवडावी. ओहोटीला सारे पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर धावते आणि तिथली ओढ वरून शांत दिसली तरी मोठ्या माणसालाही आवरत नाही.

मोकळ्या किनाऱ्यावरही पाण्याची अशी ओढ असू शकते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठल्या तरी चिंचोळ्या वाटेने परत जात असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी गडद, सपाट आणि शांत दिसते आहे, तर नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजतो. प्रत्यक्षात सर्वाधिक ओढ तिथेच असते. कुणी मोठे माणूस त्यात सापडलेच, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावे आणि मग आत वळावे. मुलासाठी मात्र नियम एकच: अशा पट्ट्याच्या आसपास घोटाभर पाण्यातही उतरवू नये.

जिथे जीवरक्षक असतात, तिथे झेंडे लावलेले असतात. वर लाल आणि खाली पिवळा असा आडवा दुरंगी झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग, आणि अशा दोन झेंड्यांच्या मधली जागा तुमची. लाल झेंडा मोठ्या धोक्याचा, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई, आणि जांभळा झेंडा जेलीफिशसारखे दंश करणारे जीव आल्याची सूचना देतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा लाटांवरच्या फळ्या आणि होड्यांसाठी राखलेला भाग दाखवतो, म्हणून तिथे मूल नेऊ नये.

चौथी पायरी: उन्हाचा बंदोबस्त

लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभागाचे असते, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि ओले झाल्यावर लवकर गारठतेही. किनाऱ्यावर आणखी एक फसवणूक होते. दुपारकडे जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हा वारा इतका सुखद असतो की कातडी भाजत असल्याचे जाणवतच नाही. ढगाळ दिवशीही हेच घडते, कारण पातळ ढगांमधून बहुतेक अतिनील किरण आरपार येतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वेळ, मग सावली, मग कपडे आणि सर्वांत शेवटी मलम. वेळेसाठी सोपी खूण म्हणजे मुलाची स्वतःची सावली. ती मुलाच्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली की परतावे. छत्रीखाली बसल्याने पूर्ण बचाव होतो असे मानू नये, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, आणि ते छत्रीच्या खालून येतात. लांब बाह्यांचा, दाट विणीचा, अंगालगतचा पोहण्याचा पोशाख आणि मान झाकणारी टोपी यांनी जे काम होते ते कोणत्याही मलमाने होत नाही. पोशाखाचा रंग निवडताना निळा किंवा फिकट हिरवा टाळावा. पाण्यात तो दिसेनासा होतो. भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग लांबूनही नजरेत भरतो.

उघड्या राहणाऱ्या भागावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले, अतिनील ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही प्रकारच्या किरणांना अडवणारे सनस्क्रीन घरून निघण्यापूर्वी अर्धा तास लावावे, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली मलमे नाजूक त्वचेला सहसा मानवतात. कानांच्या पाळ्या, पावलांची वरची बाजू आणि गुडघ्यांच्या मागचा भाग विसरला जातो. तळहातांवर लावू नये, कारण ते हात थेट डोळ्यांत जातात. सोबत सहा महिन्यांच्या आतले भावंड असेल, तर त्याला मलमावर विसंबून उन्हात न आणता सावलीतच ठेवावे.

बाबागाडीवर कापड टाकून मुलाला झोपवण्याची सवय अनेकांना असते. ती इथे सोडावी. कापडामुळे हवा खेळत नाही आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढते. बंद मोटारीची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. उन्हात उभ्या मोटारीत अवघ्या दहा मिनिटांत तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते, काच थोडी खाली केली तरी फारसा फरक पडत नाही. सामान काढेपर्यंतसुद्धा मुलाला आत एकटे ठेवू नये.

पाचवी पायरी: पिशवी

पिशवी एका खांद्यावर मावेल एवढीच असावी, कारण दुसरा हात मुलासाठी मोकळा लागतो. पिण्याचे पाणी, सोललेली किंवा चिरलेली पाणीदार फळे, एक मोठा पंचा, कोरड्या कपड्यांचा जोड, पायांतली रबरी जोडी, लहान बादली, फावडे आणि हात-पाय धुण्यासाठी गोड्या पाण्याची बाटली एवढे पुरते. द्राक्षांसारखी गोल फळे उभी चिरूनच द्यावीत, आणि मूल बसलेले असतानाच द्यावीत. नेहमीचा डायपर पाण्यात फुगून जड होतो, म्हणून पाण्यासाठीचा वेगळा डायपर घ्यावा; तो फक्त शी अडवतो, शू अडवत नाही, हे लक्षात ठेवून वेळेवर बदलावा.

सहावी पायरी: पाण्याशी ओळख

इथे आधी मोठ्यांसाठीचा नियम. एक ते चार वर्षांच्या मुलांना बुडण्याचा धोका इतर सर्व वयांपेक्षा अधिक असतो, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. काही सेंटिमीटर पाण्यात पालथे पडलेले लहान मूलही उठू शकत नाही, कारण त्याचे डोके धडाच्या मानाने जड असते. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. सारे काही निमिषात आणि आवाज न होता घडते. म्हणून मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना एक ठरावीक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे, आणि ते कोण हे तोंडाने बोलून ठरवलेले हवे. चार मोठी माणसे असली की प्रत्येकाला दुसरा पाहतो आहे असे वाटते, आणि तोच सर्वांत धोक्याचा प्रसंग असतो. आम्ही घरी ‘आता माझ्याकडे’ असे मोठ्याने म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलतो. ज्याची पाळी असते त्याचा फोन पिशवीत जातो. हवा भरलेली कडी, दंडाचे फुगे आणि तरंगती खेळणी यांना जीवरक्षक साधने समजू नये. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असेल, तर असे खेळणे पाहता पाहता खोल पाण्याकडे जाते, आणि मूल त्यावर बसलेले असेल तर मूलही जाते.

आता मुलाच्या बाजूने पाहू. लाटेचा आवाज, पायाखालून सरकणारी वाळू आणि क्षितिजापर्यंत हलणारे काहीतरी, हे सारे दीड वर्षाच्या जिवाला एकदम फार होते. उचलून पाण्यात नेऊन ‘बघ, काही होत नाही’ असे सांगण्याने भीती पक्की होते. पहिल्या दिवशी पाण्यापासून वीस पावलांवर बसावे आणि फक्त वाळूत खेळावे. दुसऱ्या दिवशी बादलीभर समुद्राचे पाणी आणून मुलापाशी ठेवावे. त्यानंतर मागे राहिलेल्या उथळ, उन्हाने कोमट झालेल्या डबक्यात ते स्वतःहून पाय घालेल. मग एक दिवस, तुमचे बोट धरून, ओल्या रेघेपर्यंत जाईल आणि लाट आली की पळत मागे येईल. आमच्या मुलीला या साऱ्याला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तिनेच मला ओढत पाण्यापर्यंत नेले, आणि त्या नऊ दिवसांत घाई केली नाही याचे समाधान मला आजही आहे.

गुडघ्यांच्या वर पाणी येईल अशा ठिकाणी या वयाच्या मुलाला उभे करू नये, कारण मागे फिरणाऱ्या लाटेची ओढही त्याला पाडायला पुरते. पाण्यात दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ एका वेळी नको. ओठ निळसर दिसले किंवा मूल थरथरू लागले, तर लगेच बाहेर काढून कोरडे करून छातीशी धरावे.

सातवी पायरी: खेळ

महागडी खेळणी लागत नाहीत. या वयात मुलाला ओतणे, भरणे, पाडणे, लपवणे आणि पुन्हा शोधणे यांतच आनंद असतो, आणि किनारा यासाठीच घडवल्यासारखा असतो.

वाळूचा किल्ला बांधायचा तर वाळू ओलसर हवी, चिंब नको. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. वाळू कोरडी असेल तर हे पूल नसतात. पाणी फार झाले तर मधली सारी जागा पाण्याने भरते आणि पकड जाते. भरतीच्या रेघेच्या थोडी खालची वाळू हातात दाबून पाहावी. मुठीचा ठसा टिकला तर ती योग्य. तुम्ही बांधायचे आणि मुलाने पाडायचे, असाच हा खेळ दोन वर्षांपर्यंत चालतो. त्याला बांधायला शिकवण्याची घाई नको. खड्डा खणायचा असेल, तर सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खणू नये, कारण वाळूच्या भिंती अचानक ढासळतात आणि त्याखालून माणूस काढणे फार अवघड असते. निघताना खड्डा बुजवावा.

पावलांच्या ठशांचा खेळ आम्हाला सर्वांत आवडतो. ओल्या वाळूवर तुम्ही पाऊल उमटवायचे, मुलाने त्यात आपले इवलेसे पाऊल ठेवायचे, आणि मग लाटेने दोन्ही पुसून नेण्याची वाट पाहायची. तळाला भोके पाडलेला एखादा डबा बादलीसोबत दिला, तर मूल अर्धा तास पाणी भरत राहते आणि ते जाते कुठे हे पाहत राहते. कोरड्या दगडावर ओल्या कुंचल्याने रेघा ओढायच्या आणि त्या उन्हाने नाहीशा होताना पाहायच्या, हाही तितकाच गुंतवणारा उद्योग आहे. शिंपले गोळा करताना एक मोजमाप ठेवावे: मुलाच्या तोंडात मावेल असा शिंपला, दगड किंवा शंख त्याच्या हाती देऊ नये, मोठे तेवढे बादलीत, बारीक ते वाळूत.

खडकाळ भाग असेल, तर ओहोटीला त्यातल्या डबक्यांत एक वेगळेच जग उघडे पडते. मुलाला मांडीवर घेऊन काठावर बसावे आणि दोन मिनिटे काही न करता पाहावे, सावली पाण्यावर पडू देऊ नये. मग दगडासारखा वाटणारा शंख चालू लागतो, कारण आत शंख उसना घेऊन राहणारा खेकडा असतो. समुद्रफूल आपल्या सोंडा पसरून बसलेले दिसते. दगड उलटलाच, तर तो हळूच होता तसा परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या ओलाव्यावर जगणारे जीव उन्हात काही मिनिटांत वाळतात. रिकामे शंखही सारे घरी आणू नयेत. त्या खेकड्याला वाढताना मोठे घर लागते. शेवाळलेल्या खडकांवर मुलाला चालवू नये, उचलूनच न्यावे.

आठवी पायरी: काही बिघडले तर

जेलीफिशला, मेलेल्या अवस्थेत वाळूवर पडलेली असली तरी, हात लावू देऊ नये, कारण तिच्या दंशपेशी नंतरही काम करतात. दंश झालाच, तर ती जागा चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि जीवरक्षकांना दाखवावे. व्हिनेगर काही जातींना उपयोगी पडते आणि काहींना उलट त्रास वाढवते, म्हणून तिथल्या माहितगारांचे ऐकावे. श्वास घ्यायला त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा सुस्ती दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एखादा घोट गेला तर पुढे साधे पाणी पाजावे, एवढेच. पण बादलीला तोंड लावण्याची सवय वेळीच मोडावी. चिमूटभर वाळू खाल्ल्याने बहुधा काही होत नाही. मूल गप्प, लालबुंद, अंगाने गरम आणि खेळात मन नसलेले दिसले, तर ते उन्हाने असू शकते. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने अंग पुसावे, घोट घोट पाणी द्यावे, आणि उलट्या किंवा ग्लानी असेल तर डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये.

किनाऱ्यावर पोहोचल्या पोहोचल्या मुलाचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात, आणि मनगटावरच्या पट्टीवर तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. मूल दिसेनासे झाले तर सर्वांत आधी पाण्याकडे पाहावे आणि त्याच वेळी जीवरक्षकाला हाक मारावी. बाकी शोध त्यानंतर.

किनाऱ्यावर न जाण्याचे दिवस

जोराचा पाऊस पडून गेल्यावर गटारांचे आणि नाल्यांचे पाणी समुद्रात मिसळते, म्हणून पुढचे एक-दोन दिवस मुलाला पाण्यात उतरवू नये. वारा इतका असेल की वाळू घोट्यांना टोचते, तर ती मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते हे आठवावे. असे दिवस बंदराचे असतात. होड्या परतण्याची वेळ विचारून घ्यावी, आणि मुलाला खांद्यावर किंवा बाबागाडीत पट्ट्याने बांधून धक्क्यावर न्यावे. तिथे हात धरून चालवणे पुरेसे नाही. धक्क्याच्या कडेला कठडा नसतो आणि खाली पाणी खोल असते. जाळी, दोरखंड, पक्ष्यांची झुंबड, भोंग्याचा आवाज यांत एक तास सहज जातो. दीपगृह असेल, तर संध्याकाळी त्याचा प्रकाश किती वेळाने पुन्हा दिसतो हे मुलासोबत मोजावे. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, आणि दोन वर्षांचे मूलही ‘आता!’ म्हणायला लवकर शिकते.

परतल्यावर

ओली वाळू चोळून काढली तर कातडी सोलवटते, म्हणून अंग कोरडे होऊ द्यावे, मग मऊ कापडाने झटकावे आणि घरी पोहोचल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ घालावी. मांड्यांच्या घड्या, मान आणि डायपरची जागा नीट धुवावी, कारण मीठ आणि वाळू मिळून तिथेच पुरळ उठते. अंगणात पाण्याचा टब किंवा बादली भरून ठेवली असेल, तर खेळ संपताच ती रिकामी करून पालथी घालावी. मूल झोपले की कपडे दाराबाहेर झटकून घ्यावेत, आणि वेळापत्रक उघडून उद्याच्या ओहोटीची वेळ, आजच्यापेक्षा साधारण पन्नास मिनिटे पुढची, दारामागच्या कागदावर लिहून ठेवावी.